टोचन, पिन आणि बाप्पाची ट्रॉली

(यंदाच्या पूर्वतयारीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. कार्यवाहांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)





दरवर्षी या सभेत वर्गणीवर बोलणे होते, मंडपावर होते, महाप्रसादाच्या भाजीत बटाटा किती असावा यावरही होते. विसर्जनाच्या गाडीचा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत "ट्रॉली सांगून ठेवली आहे" एवढ्या एका वाक्यात संपतो. यंदा कार्यवाहांनी मला त्यावर बोलायला वीस मिनिटे दिली आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार.

मी काही व्याख्याता नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीसेक वर्षे कॅरेज-वॅगन खात्यात डबे, चाके, ब्रेक आणि कपलिंग यांच्याच संगतीत आहे. एक गाडी दुसरीला कशी जोडायची, ती वाटेत सुटू नये म्हणून काय करायचे, आणि सुटलीच तर माणसे कशी वाचवायची, एवढाच माझा विषय. तो आपल्या मिरवणुकीला जसाच्या तसा लागू पडतो.

सभेपुढे आज दोन प्रश्न आहेत. पहिला, नेहमीची स्वस्त ट्रॉली घ्यायची की थोडे जास्त भाडे देऊन ब्रेक आणि दिवे असलेली घ्यायची. दुसरा, लहान मुलांना ट्रॉलीत बसू द्यायचे की नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ट्रॉली चांगली घ्यावी, तिच्या जोडणीचे सामान आपण स्वतः पाहून घ्यावे, आणि मुलांना पायी चालवावे. का, ते आता सांगतो.

दीडशे वर्षांपूर्वीची जोडणी

दिल्लीत आल्यावर माझ्या कानावर जे शब्द पडले त्यांतला एक म्हणजे 'टोचन'. बंद पडलेली गाडी साखळीने ओढून नेणे म्हणजे टोचन करणे. हा शब्द 'टो-चेन' या इंग्रजी शब्दांवरून ट्रकवाल्यांच्या तोंडी तयार झाला असे म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हरही तो सर्रास वापरतात. गंमत अशी की टोचन हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण ट्रॉलीला टोचनची साखळी लावलेली फारशी दिसत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये असते ती फक्त एक पिन.

ट्रॅक्टरच्या मागे दोन पट्ट्यांचा हूक, ट्रॉलीच्या दांड्याला पुढे एक कडी, आणि दोन्हींतून वरून घातलेली पिन. रेल्वेच्या भाषेत ही 'लिंक आणि पिन' जोडणी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आगगाडीचे डबे असेच जोडत. माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राही, एका हाताने कडी धरी, दुसऱ्या हाताने पिन टाकी. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. १८७३ साली ईली जॅनी याने नव्या कपलरचे पेटंट घेतले. त्याची कल्पना फार साधी आहे. आपल्या दोन हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवून पाहा. डबे एकमेकांवर येऊन टेकले की हे लोखंडी पंजे आपोआप मिटतात, माणसाला मध्ये जावे लागत नाही. १८९३ साली अमेरिकेने कायदा करून आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले.

आपल्याकडे जुन्या निळ्या आय.सी.एफ. डब्यांना स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंना बफर असत. चेन्नईच्या कारखान्यात अशा डब्यांचे उत्पादन जानेवारी २०१८ मध्ये थांबले. राजधानी-शताब्दीला दिसणाऱ्या एल.एच.बी. डब्यांना जॅनीच्या कुळातला सेंटर बफर कपलर असतो. तो ओढणे आणि ढकलणे दोन्ही पेलतो, आणि धडक झाली तर डबा डब्यावर चढू नये यासाठीही उपयोगी पडतो. सांगायचे एवढेच की रेल्वेने जी जोडणी माणसे मरतात म्हणून सोडली, तीच आजही आपल्या ट्रॉलीला आहे. ती वापरू नये असे मी म्हणत नाही, शेतकऱ्याचे काम तिच्यावरच चालते. पण ती वापरायची तर तिचे नियम पाळले पाहिजेत.

आधी वजन, मग सामान

कुठलाही भाग निवडताना पहिला प्रश्न वजनाचा. दुकानदार विचारतो, "कितने की चाहिए?" आपण विचारायचे, "किती वजनाची?"

वजन धरताना आपण मूर्तीचेच धरतो. पण ट्रॉलीचे स्वतःचे वजन, पाट-चौरंग, सजावटीचा सांगाडा, जनरेटर, स्पीकर, पाण्याचे ड्रम आणि वर चढलेले कार्यकर्ते, हे सगळे त्यात आले. हिशेबाला सोपे म्हणून आपण एकूण चार टन धरू. सपाट चांगल्या रस्त्यावर टायरची गाडी ओढायला टनामागे साधारण १५ ते २० किलोचा जोर पुरतो. म्हणजे चार टनांना ६० ते ८० किलो. तेवढ्याला साधा बोल्टही चालेल असे वाटते, आणि घोटाळा इथेच होतो.

मुनिरका हे अरवलीच्या टोकाशी वसलेले आहे. जे.एन.यू.कडे जाणारे रस्ते चढउताराचे आहेत, आणि आउटर रिंग रोडला लागलो की फ्लायओव्हर आहेच. वीस मीटर गेल्यावर एक मीटर चढ असेल, तर चार टनांची ट्रॉली तिच्या वजनाचा विसावा भाग, म्हणजे २०० किलोच्या जोराने मागे खेचते. उतारावर तेवढाच जोर पुढे ढकलतो. मुंबई-पुण्याच्या प्रवासात आपण जो बोरघाट पाहतो तो १ : ३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर. इगतपुरीच्या थळघाटाचेही तेच. तिथे कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. ती मागेच का लावतात? सगळा जोर पुढून ओढण्यात लावला तर पुढच्या कपलरवर फार ताण येईल. मागून ढकलले की तो ताण वाटला जातो. एवढा विचार १ : ३७ साठी होतो, आणि शहरातला साधा फ्लायओव्हर त्याहून उभा असू शकतो.

आता ब्रेकचे पाहा. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि समोर कुणी आले म्हणून पाच मीटरांत थांबला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती चार टनांची ट्रॉली त्या पिनवर सव्वा टनाच्या आसपास जोराने येऊन आदळते. पिन भोकात ढिली असेल तर हा धक्का हातोड्यासारखा बसतो. सपाटीला ६० किलो, ब्रेकला सव्वा टन. सामान निवडायचे ते दुसऱ्या आकड्यासाठी.

पिन, हूक आणि साखळी

एका वर्षी आपल्याकडे भाड्याने आलेल्या ट्रॉलीला पिनच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा होता, वरचे टोक वाकवलेला. कुणाची ट्रॉली होती ते सांगण्याची गरज नाही, कारण असे तुकडे या शहरात शेकड्यांनी फिरत असतील. आपल्या मुलांनी धावाधाव करून पिन मिळवली आणि मिरवणूक तासभर उशिरा निघाली. तो तास सत्कारणी लागला असे मी मानतो.

पिनचे तीन नियम लक्षात ठेवा.

एक, पिन भोकाच्या मापाची हवी. २५ मिलिमीटरच्या जागी २० ची घातली तर "थोडीच बारीक आहे" असे वाटते. पण कापली जाण्याविरुद्धची तिची ताकद ६४ टक्क्यांवर येते आणि वाकण्याविरुद्धची जवळजवळ निम्मी होते. शिवाय ढिलाई वाढते आणि प्रत्येक धक्का मोठा होतो.

दोन, धातू योग्य हवा. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या पहिल्या ८ चा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही. दुसऱ्या .८ चा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा वाकत नाही. आकडा नसलेला बोल्ट म्हणजे नाव-गाव नसलेला पाहुणा. आणि बोल्ट कितीही चांगला असला तरी आटे असलेला भाग हूकमध्ये येता कामा नये. आट्याच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. म्हणून पिन ती पिन, बोल्ट तो बोल्ट.

तीन, पिन वरून खाली घालायची आणि खालच्या भोकात क्लिप लावायची. वरून घातलेली पिन स्वतःच्या वजनाने जागेवर राहते, आणि खड्ड्यात उसळली तर क्लिप तिला धरून ठेवते. ही क्लिप काही रुपयांना मिळते. तिच्याऐवजी सुतळी किंवा तार बांधलेली दिसली तर ट्रॉली परत पाठवा.

हूक कुठे आहे हेही पाहा. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हूकलाच जोडायची. नांगर-औजारांसाठी वर जो सांधा असतो तिथे साखळी अडकवून ओढले, तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि तो मागे उलटू शकतो. ओढ जेवढी वरून, तेवढा हा धोका जास्त.

आता साखळी. पिन तुटली तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे टोचनची साखळी. दोन साखळ्या घ्याव्यात आणि त्या दांड्याच्या खालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे फुलीसारख्या लावाव्यात. पिन सुटली तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीच्या झोळीत टेकतो. ढील एवढीच ठेवावी की वळताना ताणू नये आणि जमिनीवर घासू नये. साखळीची ताकद भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाएवढी तरी असावी. जोडायला डी-शॅकल घ्यावा, आणि त्यावर किती वजनाचा आहे ते कोरलेले पाहूनच घ्यावा. कुलपाची साखळी, झोपाळ्याची साखळी, नायलॉनची दोरी हे पर्याय नाहीत. नायलॉनची दोरी ताणते आणि तुटली की चाबकासारखी परत येते. तिच्या वाटेत कुणी उभे असेल तर विचारायलाच नको.

ब्रेक: आर्माची गोष्ट

आमच्या खात्यात नवीन मुलगा आला की त्याला एक जुनी गोष्ट सांगतात, ती आज तुम्हालाही सांगतो. १२ जून १८८९. आयर्लंडमधल्या आर्मा गावातून रविवारच्या शाळेच्या मुलांची सहल घेऊन एक आगगाडी निघाली. गर्दी फार म्हणून डबे वाढवले होते. चढावर इंजिन दमले आणि गाडी थांबली. मग ठरले की गाडीचे दोन भाग करायचे, पुढचा भाग आधी वर न्यायचा आणि मागचा नंतर. त्या गाडीचा ब्रेक असा होता की डबे इंजिनापासून तोडले की त्यांचा ब्रेक जाई. म्हणून मागच्या डब्यांना एक हातब्रेक लावला आणि चाकांखाली दगड ठेवले. पुढचा भाग सुटताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला, आणि मुलांनी भरलेले डबे उतारावरून मागे धावू लागले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० जण गेले. त्यांत मुले पुष्कळ होती.

त्याच वर्षी तिथे कायदा झाला की प्रवासी गाडीला सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक हवाच. 'आपोआप' हा शब्द महत्त्वाचा. आज आपल्या गाडीत ब्रेकच्या नळीमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा हवेचा दाब असतो. हा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. गाडी तुटली की नळी तुटते, दाब जातो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. ब्रेकची शक्ती इंजिनात नाही, प्रत्येक डब्यात आहे.

आपल्या भाड्याच्या ट्रॉलीला एवढे सगळे मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असलेली गाडी मिळते, ती मागून घ्या. बाकी चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगळी. शेतात वळताना त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र ती दोन्ही खटका लावून एकत्र जोडलेली हवीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवे करते. निघण्यापूर्वी एका कार्यकर्त्याने हा खटका डोळ्यांनी पाहावा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवायची, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची नाही. आरतीसाठी थांबलो की चाकांना दगड नव्हे, सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडाची तिरकी पाचर लावायची, दोन्ही बाजूंच्या चाकांना. चार पाचरी आपण सुताराकडून एकदा करून घेतल्या की वर्षानुवर्षे पुरतील. आणि चौथी गोष्ट, पाचर काढायचे काम एकाच माणसाकडे द्यायचे. "मला वाटले त्याने काढली" या वाक्याने रेल्वेत बरेच अपघात झाले आहेत.

ओझे कुठे, चाके कशी

दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन कुठे ठेवता यावर सगळा तोल अवलंबून असतो. मूर्ती आणि जनरेटर मिळून ओझ्याचा मध्य चाकांच्या किंचित पुढे यायला हवा, म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के भार दांड्यावर येतो. सगळे मागे गेले तर दांडा वर उचलू पाहतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. कुंडाजवळ मूर्ती उतरवताना हे विशेष लक्षात ठेवा. ट्रॅक्टरपासून सोडवलेल्या ट्रॉलीवर दहा जण मागून चढले की ती सी-सॉसारखी मागे आपटते. म्हणून मूर्ती उतरेपर्यंत पिन काढायची नाही, आणि पुढे-मागे टेकू लावल्याशिवाय कुणी वर चढायचे नाही.

टायरमध्ये हवा, चाकांचे सगळे नट जागेवर, पाट्यांना तडा नाही, एवढे पाच मिनिटांत दिसते. एक युक्ती आमच्या खात्यातली. पूर्वी गाडी स्टेशनात आली की आमचा माणूस प्रत्येक चाकाच्या बेअरिंगच्या पेटीला हात लावून पाही. आता त्यासाठी तापमान दाखवणारे यंत्र आहे. ट्रॉली आपल्या दारात आली की तिच्या हबजवळ हाताची पाठ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागले तर त्याचे बेअरिंग गेले आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. ती ट्रॉली आज चालेल, पण कदाचित परत येणार नाही.

शेवटच्या डब्याची पाटी

मुलांनो, तुम्ही रेल्वे पाहायला जाता तेव्हा शेवटच्या डब्यावर पिवळी मोठी फुली पाहिली असेल. त्याच डब्याला 'एल.व्ही.' अशी पाटीही टांगलेली असते, म्हणजे 'शेवटचा डबा', आणि रात्री लाल दिवा लुकलुकतो. ती शोभेसाठी नाही. गाडी स्टेशनातून गेली की तिथला कर्मचारी ती पाटी पाहतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली, वाटेत एकही डबा सुटलेला नाही. पाटी दिसली नाही तर मागून दुसरी गाडी सोडत नाहीत.

आपल्या ट्रॉलीच्या मागे असे काही असते का? बहुधा मखराची मागची बाजू आणि अंधार. मिरवणूक परतते तेव्हा रात्र झालेली असते, आउटर रिंग रोडवर गाड्या वेगात असतात, आणि न दिसणारी ट्रॉली ही मागच्या ड्रायव्हरच्या दृष्टीने रस्त्यातली भिंत असते. दोन लाल दिवे, दोन लाल रिफ्लेक्टर आणि पूर्ण रुंदीभर लाल चमकती पट्टी. ही पट्टी मीटरवर मिळते, आपल्या मखराच्या मागच्या फळीलाच चिकटवून टाकू. जनरेटर बंद पडला तरी पट्टी चमकते. आणि पाटीच्या जागी आपला एक माणूस चमकत्या जाकिटात सगळ्यांत शेवटी चालेल. मिरवणुकीतला कुणी त्याच्या मागे राहायचे नाही. तोच आपला एल.व्ही.

माणसे

आता मुलांच्या बसण्याचा प्रश्न. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ माणसे गेली, बहुतेक बायका आणि मुले. ४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. शेतावर पोचायला दुसरे वाहन नाही म्हणून त्या बसल्या होत्या. आपल्याला तशी काही गरज नाही. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. तिला आसने नाहीत, धरायला दांडी नाही, उलटली तर डोक्यावर छत नाही. मालगाडीत माणसे बसवत नाहीत, तसेच हे.

कुणी म्हणेल, मिरवणूक तर चालीच्या वेगाने जाते. जाताना खरे आहे. पण परतताना? बाप्पा गेलेले, ट्रॉली रिकामी, सगळे दमलेले, ड्रायव्हरला घरी जायची घाई. घाटमपूरची ट्रॉलीही परतीच्याच वाटेवर होती. म्हणून माझी सूचना अशी की परतीसाठी एक बस आधीच ठरवावी. यमुनेत विसर्जन बंद होऊन आपण कृत्रिम कुंडाकडे जाऊ लागल्यापासून अंतर कमी झाले आहे, एका बसच्या दोन फेऱ्यांत सगळे परततील. तरुण मंडळींना मुनिरका मेट्रो आहेच. ट्रॉलीवर मूर्ती सांभाळायला दोनच जाणते कार्यकर्ते, दांड्यावर आणि मडगार्डवर कुणीही नाही. आणि ट्रॅक्टर मागे घेऊन जोडणी करताना मध्ये कुणी उभे राहायचे नाही. आधी ट्रॅक्टर थांबेल, मग माणूस आत जाईल. दोन गाड्यांच्या मध्ये माणूस असताना इंजिन हलवायचे नाही, हा आमच्या शंटिंगचा पहिला धडा आहे.

आपल्या कारसाठी थोडेसे

दिवाळीत बरीच मंडळी कार घेऊन नागपूर, इंदूर, नाशिककडे निघतात, म्हणून जाता जाता दोन शब्द. कार बंद पडली तर दोर बंपरला बांधू नका. बऱ्याच गाड्यांच्या अवजारांच्या पिशवीत ओढण्याची कडी असते. बंपरवरचे छोटे झाकण काढून ती आत फिरवून बसवायची. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून घरीच एकदा बसवून पाहा. किल्ली फिरवून स्टिअरिंगचे लॉक सोडा. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात हे लक्षात ठेवा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी दोराने ओढू नका, ती उचलून नेणारी गाडीच बोलवा. १९८९ च्या रस्ता-नियमांत दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर इतरांना सहज दिसावा आणि मागे 'ऑन टो' असे लिहावे, असे सांगितले होते. २०१७ मध्ये नवी नियमावली आली तरी यातला शहाणपणा तोच आहे. दोराच्या मध्यावर लाल फडके बांधायला काहीच पैसे पडत नाहीत.

सभेपुढे मागणी

आता मी काय मागतो ते सांगतो. ट्रॉली ठरवताना नोंदणी क्रमांक, ब्रेक आणि दिवे पाहूनच ठरवावी. भाड्यातला फरक ढोलपथकाच्या चहापाण्याएवढा आहे. पिन व क्लिप, दोन साखळ्या, चार शॅकल, चार पाचरी आणि चमकती पट्टी हे सामान मंडळाने स्वतःचे घ्यावे. ते एका पेटीत बसते आणि मखराच्या सामानाबरोबर कुणाच्याही माळ्यावर राहील. विसर्जनाच्या सकाळी दोन कार्यकर्त्यांनी यादी हातात घेऊन ट्रॉली तपासावी. बेर सरायला इंजिनिअरिंगच्या परीक्षांची तयारी करणारी आपली मुले आहेत, त्यांना मी आनंदाने शिकवीन. आणि त्या दोघांना एक अधिकार द्यावा. त्यांनी "नाही" म्हटले की मिरवणूक निघणार नाही, मग अध्यक्ष सांगोत की आणखी कुणी. रेल्वेत आमच्या एका साध्या फिटरने डबा नापास केला तर तो डबा गाडीतून काढतात, मग गाडीत साहेब बसलेले का असेनात.

दहा दिवस आपण मंडपात विजेची तार उघडी राहू देत नाही, प्रसाद झाकून ठेवतो, समईपाशी पहारा ठेवतो. अकराव्या दिवशी सगळ्यांत जड काम सगळ्यांत कमी तपासलेल्या पिनवर सोपवतो. ती पिन यंदा आपली असू द्या, तिच्याखाली क्लिप असू द्या आणि बाजूला साखळी असू द्या.

प्रश्न असतील तर मी चहाच्या वेळी इथेच आहे. ज्यांना पिन हातात घेऊन पाहायची आहे त्यांच्यासाठी पिशवीत दोन आणल्या आहेत, एक चांगली आणि एक वाकलेली.

गणपती बाप्पा मोरया!